खरजेचं औषध तपासायला उंदीर का चालत नाही?

तुमचा प्रश्न असा: सगळी औषधं आधी उंदरांवर तपासतात, मग खरजेसाठी डुकरं कशाला, आणि त्वचेच्या परजीवी रोगांत उंदीर अजिबातच उपयोगाचा नाही का? औषध-चाचण्यांचे आराखडे तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

खरजेचा किडा, सारकॉप्टिस स्कॅबिआय, भलताच चोखंदळ. माणसावरचा प्रकार वेगळा, कुत्र्यावरचा वेगळा, डुकरावरचा वेगळा. एकाचा दुसऱ्याच्या अंगावर गेला तर खाज सुटते, पण तिथे तो सहसा तग धरत नाही. बरं, तो प्रयोगशाळेत बशीत वाढवताही येत नाही. अंगावरून उतरला की थोड्याच दिवसांत मरतो. साध्या खरजेच्या रुग्णाच्या अख्ख्या अंगावर किडे जेमतेम १० ते १५. एवढ्या भांडवलावर चाचणी कसली करणार?

डुकराला त्याची स्वतःची खरूज मुळातच होते, हा पहिला फायदा. दुसरा कातडीचा. केस विरळ, बाह्यत्वचा बरीचशी माणसासारखी जाड. मादी किडा याच थराच्या वरच्या भागात बीळ करून अंडी घालते, त्यामुळे औषध नेमकं तिथे पोहोचतंय का, हे डुकरात पाहता येतं. उंदराची कातडी पातळ, केसाळ आणि सैल. मलम किती मुरतं याचा अंदाज तिथे हमखास चुकतो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ही पद्धत नीट मांडली. बाधित डुकराच्या कानातल्या खपल्या निरोगी पिलाच्या कानात ठेवायच्या, सोबत डेक्सामेथासोन द्यायचं. हे स्टिरॉइड कशाला? प्रतिकारशक्ती दाबली नाही तर पुष्कळदा डुक्कर आपसूक बरं होतं, आणि श्रेय औषधाला जातं. मी आराखडा हातात घेतला की आधी हेच बघते: औषध न दिलेला गट आहे का, आणि त्या गटात किडे शेवटपर्यंत टिकले का. नुसती खाज कमी झाली, कातडी सुधारली, याला मी फार किंमत देत नाही. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि पाय हलवणारे किडे मोजायचे. मेलेला किडा खपलीत तसाच पडून असतो, त्यामुळे हालचाल बघावीच लागते.

डुकरांवरच्या या पद्धतीचं चीज झालं ते मॉक्सिडेक्टिन या औषधाच्या वेळी. खरजेवर पोटात दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे औषध अंडी मारत नाही आणि शरीरातून लवकर निघून जातं. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि लोक तोच घ्यायला विसरतात. मॉक्सिडेक्टिन कातडीत बराच काळ राहतं, म्हणजे नंतर अंड्यातून निघालेली पिल्लंही त्याच्या तडाख्यात सापडतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डुकरांवरच्या अभ्यासात त्याचा एकच डोस आयव्हरमेक्टिनच्या दोन डोसांपेक्षा सरस ठरला. गट मात्र अगदी छोटे होते. डुकरं सांभाळणं महाग आणि कटकटीचं, त्यामुळे अशा अभ्यासांत ही अडचण कायमचीच.

आता उंदराचं. वाळूमाशीच्या चाव्यातून होणाऱ्या त्वचेच्या लीशमॅनियासिसमध्ये त्याच्यावाचून पान हलत नाही. पण उंदीर कुठल्या जातीचा, यावर सगळं अवलंबून. लीशमॅनिया मेजर हा परजीवी टोचला तर बाल्ब-सी जातीच्या उंदराची जखम चिघळतच जाते. सी५७ ब्लॅक ६ जातीच्या उंदराची काही आठवड्यांत आपोआप भरते. दुसऱ्या जातीवर औषध उशिरा सुरू केलं तर साधं पाणीही गुणकारी ठरेल! पहिली जात उलट इतकी हळवी की माणसात चालू शकणारं औषधही तिच्यात नापास व्हायचं. शिवाय प्रयोगात पुष्कळदा लाखो परजीवी सुईने थेट पंजात टोचतात. वाळूमाशी चावताना त्याहून फार कमी सोडते, आणि सोबत तिची लाळही जाते. दक्षिण अमेरिकेतल्या लीशमॅनिया ब्राझिलिएन्सिस या परजीवीच्या प्रजातीला तर बहुतेक उंदीर दादच देत नाहीत, तिथे सोनेरी हॅमस्टर हा उंदरासारखाच छोटा प्राणी घ्यावा लागतो.