मिनिटमेनची गिटार इतकी पातळ का वाजते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मिनिटमेन या अमेरिकन बँडचा ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ हा १९८४ चा अल्बम तुम्ही पंक (वेगवान, कच्चं, बंडखोर रॉक) समजून लावलात आणि पंक कुठे सापडलंच नाही. गिटारला अंग नाही, गायक गातो कमी आणि बोलतो जास्त, ४५ गाण्यांपैकी बरीचशी रंगात येता येताच संपतात. मग या बँडचं एवढं नाव का, आणि ही माणसं आली कुठून, असं तुम्ही विचारलंय.

‘कुठून’पासून सुरू करतो, कारण तिथेच निम्मं उत्तर आहे. सॅन पेद्रो. १९०९ पासून हे गाव कागदोपत्री लॉस एंजेलिस शहरात मोडतं, पण हॉलिवूडपासून ४० किलोमीटरच्या आसपास दूर, थेट बंदराला लागून. तिथली माणसं ‘पीड्रो’ म्हणतात, आणि कुणी नीट ‘पेद्रो’ म्हटलं की हा बाहेरचा, हे त्यांना लगेच कळतं. १९९७ मध्ये आमचं जहाज तिथे लागलं होतं. मी तेव्हा ज्युनियर इंजिनिअर, हातात अर्ध्या दिवसाची सुट्टी. टेकडीकडे चढत जाणारे रस्ते, मागे वळून पाहिलं की घरांच्या छपरांवरून डोकावणाऱ्या कंटेनरच्या क्रेन आणि बंदरावरचा तो हिरवा झुलता पूल. दुकानांच्या पाट्यांवर क्रोएशियन आणि इटालियन आडनावं, कारण मासेमारीसाठी आलेली ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिली. समोरच्या टर्मिनल आयलंडवर एके काळी मासे डब्यांत भरायचे मोठे कारखाने होते. मला तर माझगावचीच आठवण झाली. सिनेमातलं लॉस एंजेलिस हे नव्हेच. पाळीवर जायचं, दमून परत यायचं, असं गाव.

बँडचा बेसवादक माइक वॉट हा नौदलातल्या माणसाचा मुलगा. तो १३ वर्षांचा असताना पेक पार्कमध्ये डी. बून, म्हणजे पुढे या बँडचा गिटारवादक-गायक, झाडावरून थेट त्याच्या अंगावर उतरला. पोरांची लुटुपुटुची लढाई चालली होती आणि बूनला वाटलं, हा आपला गडी. तिथून दोस्ती. पोरं रस्त्यावर उंडारत बसू नयेत म्हणून बूनच्या आईनेच बँडची कल्पना काढली. आपला मुलगा गिटार वाजवेल आणि वॉट बेस, हेही तिनेच ठरवून टाकलं. वॉटला बेस म्हणजे नक्की काय ते ठाऊक नव्हतं. चार तारांचं काहीतरी असतं एवढंच माहीत, म्हणून त्यानं साध्या गिटारवर चारच तारा ठेवल्या आणि वाजवायला लागला. खऱ्या बेसच्या जाड तारा त्यानं बऱ्याच नंतर पाहिल्या. मी स्वतः कॉलेजात असताना ठाण्यात एका बँडमध्ये बेस वाजवायचो, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. वॉटचा बेस आजही गिटारसारखा बोलका आहे, आणि त्याचं मूळ मला त्या चार तारांत दिसतं.

ऐकलं काय त्यांनी? आधी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. त्यांचा गायक जॉन फॉगर्टी हा दोघांचा देव, त्याच्यासारखा चौकटीचा फ्लॅनेल शर्ट वॉट वर्षानुवर्षं घालतोय. मग ब्लू ऑयस्टर कल्ट, टी. रेक्स. सगळं दुसऱ्यांचंच वाजवायचे. स्वतःचं गाणं लिहायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. गाणी लिहिणारी माणसं कुठल्यातरी वेगळ्या जगात राहतात, अशी समजूत. आपल्याकडे ज्यांनी ८०-९० च्या दशकांत कॉलेज फेस्टिव्हलला बँड वाजवलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या यादीत १२ गाणी असायची आणि १२ ही परक्याची. स्वतःचं एक वाजवलं की खालून ओरडा सुरू.

१९७०च्या दशकाच्या शेवटी हे दोघं हॉलिवूडच्या पंक कार्यक्रमांना जायला लागले. समोर त्यांच्यासारखीच पोरं, धड वाजवता येत नाही, पण गाणी स्वतःची. त्यानंतर मागे वळणं नाही. इंग्लंडच्या वायर या बँडचा ‘पिंक फ्लॅग’ हा १९७७ चा अल्बम त्यांच्या हाती लागला: २१ गाणी आणि वेळ सुमारे ३५ मिनिटं. कडवं एकदाच, सोलो नाही, सांगायचं संपलं की गाणं संपलं. तुम्हाला अर्धवट वाटणाऱ्या गाण्यांचा उगम तिथे आहे. ब्रिस्टलच्या द पॉप ग्रुपकडून त्यांनी फंक (ठेक्यावर चालणारं नाचरं संगीत) आणि कॅप्टन बीफहार्ट या अमेरिकन प्रयोगशील गायकाचा वेडावाकडा ताल एकत्र नांदू शकतो हे उचललं. शाळेतला जॉर्ज हर्ली ड्रमवर आला आणि १९८० मध्ये ‘पॅरानॉइड टाइम’ निघाली, ७ गाणी, ७ मिनिटांच्या आत. पुढच्या वर्षीच्या ‘द पंच लाइन’मध्ये १८ गाणी १५ मिनिटांत.

आता गिटार. डी. बून टेलिकास्टर वाजवायचा आणि अँप्लिफायरवर खर्जाचं बटण पार खाली, ट्रेबल म्हणजे वरच्या स्वरांचं वर. हा रेकॉर्डिंगमधला दोष नाही, त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय आहे. रॉक बँडमध्ये नेहमी काय होतं? जाड, भरलेली गिटार सगळी जागा व्यापते आणि बेसवाला तिच्या पोटात गडप होतो. मी चार वर्षं असा गडप झालोय, रेकॉर्डिंग ऐकताना मी नक्की कुठे वाजवलं ते माझं मलाच सापडायचं नाही. बूनचं म्हणणं, बँडमध्ये तिघांना सारखी जागा हवी. तो डाव्या विचारांचा होता, आणि ही समानता त्यानं आधी स्वतःच्या अँप्लिफायरवर आणली. गिटार वरच्या पट्टीत गेली, खाली बेसला मोकळं रान मिळालं आणि मधल्या फटींत हर्लीचे ड्रम. म्हणून कान गिटारवर ठेवून हा बँड ऐकलात तर पातळच वाटणार. एक काम करा. हेडफोन लावा, ‘इट्स एक्स्पेक्टेड आय’म गॉन’ सुरू करा आणि पहिल्या खेपेला फक्त बेसच्या मागे जा. दुसऱ्या खेपेला फक्त ड्रम. तिसऱ्या खेपेला गिटार ऐका. ती मध्येच येते, चिमटा काढते आणि बाजूला होते. मग ती पातळ वाटणार नाही.

त्यांचा परवलीचा शब्द होता ‘इकॉनो’. आपल्याकडे त्याला चोख शब्द आहे, काटकसर. चिक्कूपणा नव्हे. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या आजीची काटकसर, जिच्यामुळे घर कुणापुढे हात पसरत नाही. हे लोक रात्री उशिरा, स्टुडिओचं भाडं कमी असताना रेकॉर्डिंग करत, आधी वापरलेल्या टेपवर करत. टेप कापून जोडायचा खर्च नको म्हणून गाणी ज्या क्रमानं रेकॉर्डवर यायची त्याच क्रमानं वाजवायची. दौऱ्यावर व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं. वॉटच्या हिशेबात जगात दोनच गोष्टी: कार्यक्रम आणि जाहिरातीची पत्रकं. रेकॉर्डसुद्धा पत्रकच, लोकांना कार्यक्रमाला आणण्यासाठी.

‘डबल निकल्स’चा सगळा खर्च ११०० डॉलर. खरं तर आधी साधा एका रेकॉर्डचा अल्बम तयार होता. तेवढ्यात त्यांच्याच एसएसटी या रेकॉर्ड कंपनीतल्या हुस्कर डू या मिनेसोटाच्या बँडनं दोन रेकॉर्डचा अल्बम केल्याची बातमी आली. यांनी परत जाऊन आणखी गाण्यांचा ढीग लिहिला. पहिल्या तीन बाजू तिघांनी वाटून घेतल्या, प्रत्येकानं आपल्या बाजूची गाणी निवडली, उरलेली चौथ्या बाजूवर गेली आणि तिचं नाव ठेवलं ‘चॅफ’, म्हणजे भूस. प्रत्येक बाजू मोटारीच्या इंजिनच्या आवाजानं सुरू होते. पहिल्या तीन बाजूंना ज्याची बाजू त्याची गाडी. नावातलं ‘डबल निकल्स’ म्हणजे ताशी ५५ मैल, ट्रकवाल्यांच्या बोलीत, आणि ‘डाइम’ म्हणजे दहा नंबरचा हायवे. गाडी जपून चालवू, धाडस संगीतात करू, असा त्याचा रोख. एका रॉक गायकानं ५५ ची मर्यादा मला पाळवत नाही असं गाणं गाजवलं होतं, त्याला हे उत्तर. मुखपृष्ठावर वॉट आपली फोक्सवॅगन चालवतोय आणि काचेपलीकडे सॅन पेद्रोची पाटी आहे. ती पाटी चौकटीत यावी यासाठी त्यांनी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या.

स्थानिक वातावरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. एसएसटी ही ब्लॅक फ्लॅग या पंक बँडच्या ग्रेग गिनची कंपनी, हर्मोसा बीचची, म्हणजे किनाऱ्यानंच थोडं वर. मिनिटमेननं न्यू अलायन्स नावाची स्वतःचीही छोटी कंपनी काढली होती. हुस्कर डूचा पहिला अल्बम आणि डिसेंडंट्सचा पहिला अल्बम दोन्ही १९८२ मध्ये तिथूनच आले. पण सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. हार्डकोअर, म्हणजे पंकचा आणखी वेगवान, आक्रमक प्रकार, ऐकायला आलेल्या गर्दीला फंक आणि कविता नको असायची. १९८३ मध्ये ब्लॅक फ्लॅगबरोबर युरोपात गेले तेव्हा प्रेक्षक त्यांच्यावर रात्रीमागून रात्र थुंकत होते, आणि हे वाजवत राहिले. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. बूननं गावातलं एक थिएटर भाड्यानं घेऊन तिथे कार्यक्रम ठेवले आणि ते मुद्दाम लवकर सुरू केले, कारण सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला रात्री वेळेत घरी पोचता यायला हवं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पहिली पाळी केली. कार्यक्रमाची वेळ पाळीच्या हिशेबानं लावणारा रॉक गायक मी दुसरा पाहिलेला नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये ते आर.ई.एम. या बँडबरोबरचा दौरा संपवून परतले. २२ तारखेला अॅरिझोनाच्या वाळवंटात बून तापानं फणफणलेला म्हणून व्हॅनच्या मागच्या भागात आडवा झाला होता. गाडी रस्त्यावरून घसरली, मागचं दार उघडून तो बाहेर फेकला गेला. वय २७. रस्ता तोच, दहा नंबरचा. वॉट कित्येक महिने बेसला हात लावत नव्हता. ओहायोहून एक तरुण चाहता त्याला शोधत आला आणि त्याच्या आग्रहामुळे वॉट आणि हर्ली पुन्हा उभे राहिले, फायरहोज नावानं. वॉट आजही सॅन पेद्रोतच राहतो.

ऐकायचं कसं, तर एका बैठकीत ४५ गाणी नकोत. आधी ‘कोरोना’ घ्या, ते तुमच्या ओळखीचं असेल, कारण टीव्हीवरच्या ‘जॅकअॅस’चं शीर्षकगीत तेच. गंमतीचं म्हणून ते लोकांच्या कानात बसलं, पण त्याचा जन्म मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा आहे: पहाटे एक गरीब बाई बाटलीमागे मिळणाऱ्या चार पैशांसाठी रिकाम्या बाटल्या वेचत होती, ते बूननं पाहिलं. तालही तिकडचाच, पोल्कासारखा ठेका, आणि त्यावर ती कडक, कोरडी गिटार. मग ‘हिस्ट्री लेसन पार्ट टू’ रात्री, दिवे घालवून. दोन मित्रांची गोष्ट आहे, आवाज न चढवता सांगितलेली. त्यानंतर एकेक बाजू एकेका दिवशी, आणि ‘भूस’ शेवटी. सीडी घेतलीत तर गाणी थोडी कमी भरतील, जागेअभावी काही वगळली होती. क्रीडन्सचं ‘डोंट लुक नाऊ’ आलं की आवाज थोडा वाढवा. ते प्रत्यक्ष कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग आहे, गाणं चालू असताना समोरची माणसं आपापसांत बोलत असल्याचं ऐकू येतं. त्यांनी ते तसंच ठेवलं.