वाचकांचे प्रश्न : चिन्ह दर वेळी वेगळं का?

मतदानाबद्दल मनात असेल ते विचारा, असं आवाहन केल्यावर कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातून बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देत आहे. मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. निवडणुकीची ड्युटी अनेकदा केली, त्यामुळे मतदान केंद्राची खोली मला आतून ठाऊक आहे.

प्रश्न : वडिलांपासून आमचं घर महाराष्ट्र एकीकरण समितीलाच मत देत आलं. कमळ आणि हात वर्षानुवर्षं तेच, पण आमच्या उमेदवाराचं चिन्ह दर निवडणुकीला नवीन. प्रचारात निम्मा वेळ चिन्ह सांगण्यातच जातो. हा मराठी माणसावर मुद्दाम केलेला अन्याय आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मुद्दाम केलेला नाही. पण फटका आपल्याला बसतो, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. तो का बसतो, ते नीट समजून घ्या.

पक्षाची नोंदणी होणं वेगळं आणि पक्षाला मान्यता मिळणं वेगळं. नोंदणी कागदपत्रं दिली की होते. मान्यता मतांवर आणि जागांवर ठरते आणि कायमचं चिन्ह फक्त मान्यताप्राप्त पक्षालाच मिळतं. 1968 च्या निवडणूक चिन्ह आदेशात याचे नियम आहेत. राज्य पक्ष म्हणून मान्यता हवी तर विधानसभेला संपूर्ण राज्यातल्या वैध मतांपैकी 6 टक्के मतं आणि 2 आमदार लागतात, किंवा एकूण जागांच्या 3 टक्के जागा लागतात. मतांचा टक्का 8 पर्यंत गेला तर आमदार नसले तरी चालतं. लोकसभेचेही काही निकष आहेत, पण आपला प्रश्न विधानसभेचा.

आता हे आपल्या भागाला लावून बघा. कर्नाटक विधानसभेच्या जागा 224. त्याचे 3 टक्के म्हणजे सात आमदार. मराठी मतं निर्णायक ठरतील असे मतदारसंघ कोणते? खानापूर, बेळगाव ग्रामीण, शहरातले दोन, निपाणीची बाजू. हाताची बोटं संपण्याआधी यादी संपते. आपल्या तालुक्यांत घराघरातलं एकेक मत मिळवलं, तरी बिदरपासून चामराजनगरपर्यंतच्या सगळ्या मतांत त्याचा टक्का किती भरणार? नियम सगळ्यांना सारखाच आहे, पण तो राज्यभर पसरलेल्या पक्षाच्या मापाने शिवलेला आहे. एका कोपऱ्यात दाट वस्तीने राहणाऱ्या माणसांना तो सदरा बसत नाही. हे मला पटत नाही आणि मी ते उघड सांगते. पण हा निवडणूक पद्धतीचा दोष आहे. त्याला कुणाचा कट समजून हात बांधून बसलो तर नुकसान आपलंच.

मान्यता नसली की उमेदवार मोकळ्या चिन्हांच्या यादीतून मागणी करतो. कपबशी, शिलाई मशीन, बॅट, जे मिळेल ते. अर्ज माघारीची मुदत संपल्यावर चिन्ह हातात पडतं आणि तिथून मतदानापर्यंत कायद्याने किमान 14 दिवस असतात. एवढ्या दिवसांत डोंगरपट्ट्यातल्या वाडीवर, शिरोली-कणकुंबीच्या रानात, नवं चिन्ह पोचवायचं. शिवाय मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो, आपल्याला दहा आणावे लागतात.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे आणि ती आपल्याच हातात आहे. आपल्याकडे निम्म्याहून जास्त मतं मिळाली पाहिजेत अशी अट नाही. सगळ्यांत जास्त मतं ज्याला, तो निवडून आला. समजा गावात 100 मतं आहेत. मराठी म्हणून एकत्र पडली तर 45. समोरच्याला 35, तिसऱ्याला 20. आपण जिंकलो. आता आपल्यातच दोन गट पडले, एकाला 25 आणि दुसऱ्याला 20. मतदार तेच, भावना तीच, पण निवडून येतो 35 वाला. 2013 साली समितीच्या पाठिंब्यावर बेळगाव दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा आल्या होत्या. 2018 ला खानापुरात समितीच्याच नावाने दोन गट समोरासमोर उभे राहिले आणि जागा काँग्रेसकडे गेली. त्या वर्षी आणि पुढे 2023 लाही समितीचा एकही आमदार विधानसभेत गेला नाही. हल्ली महापालिकेलाही पक्षांची चिन्हं आली आहेत. 2021 ला बेळगावच्या 58 प्रभागांपैकी 35 भाजपने घेतले. ज्या पुढाऱ्यांनी आपापसात बसून एक नाव ठरवलं नाही, त्यांना मतदाराने जाब विचारला पाहिजे. म्हातारी माणसं उन्हात रांगा लावतात ती दोन गटांची ताकद मोजण्यासाठी नव्हे.

तुमच्या पत्रात 1996 चा उल्लेख आहे, म्हणून तेही लिहिते. त्या लोकसभेला बेळगावात 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष जावं म्हणून समितीने माणसामागून माणूस उभा केला. आमच्या शेजारच्या गल्लीतले एक शेतकरी त्यात होते. 500 रुपये डिपॉझिट भरलं, परत मिळणार नाही हे माहीत असून. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त होतं. त्यांना एका शब्दाने पश्चात्ताप नव्हता. त्याच वर्षी आंध्रात नलगोंड्यालाही असंच झालं आणि मग संसदेने कायदा बदलून लोकसभेचं डिपॉझिट 10,000 केलं. आज ते 25,000 आहे, विधानसभेला 10,000. अनुसूचित जाती-जमातींना निम्मं.

आपण निवडणुकीकडून दोन कामं मागतो. आमदार-खासदार निवडणं हे एक आणि आम्ही कुठले हे सांगणं हे दुसरं. 1 नोव्हेंबर 1956 ला आपल्याला विचारल्याशिवाय राज्यांच्या सीमेची रेघ ओढली गेली आणि आपण आजच्या कर्नाटकात आलो. तेव्हापासून प्रत्येक निवडणूक आपल्याला सार्वमतासारखी वाटते, यात चूक काही नाही. पण मतमोजणीच्या टेबलावर फक्त पहिलं काम होतं. दुसऱ्याचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात लावला आहे. म्हणून मत देताना मराठी शाळेच्या शिक्षकाची जागा कोण भरून घेईल, मराठीतून कागद कोण मिळवून देईल, हेही विचारा. असं विचारलं म्हणून कुणाची निष्ठा कमी होत नाही.

प्रश्न : माझी सून चंदगड तालुक्यातली. लग्न होऊन चार वर्षं झाली, नाव अजून माहेरच्या यादीत आहे. शेजारचे म्हणतात, महाराष्ट्राचं नाव ठेव, दोन्हीकडे मत टाकता येईल. हे बरोबर आहे का?
— एक सासू, उचगाव

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. देशाचं नागरिकत्व एकच आहे, कर्नाटकाचं वेगळं आणि महाराष्ट्राचं वेगळं असं नसतं. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येतं आणि ते माणूस जिथे नेहमी राहतो तिथे. माहेरी घर आहे, जमिनीत हिस्सा आहे, एवढ्याने तिथली मतदार होता येत नाही. अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि दोन्हीकडे मत दिलं तर दोन्ही मतं बाद. पुण्या-कोल्हापुरात कायमच्या राहणाऱ्या मुलांनाही हेच लागू.

सुनेने 8 नंबरचा फॉर्म भरायचा. पुष्कळांना अजून 6 नंबर वाटतो, पण तो आता पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठीच आहे. राज्य बदललं तरी 8 नंबरच. इथल्या पत्त्याचा पुरावा जोडा आणि बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्याकडे, किंवा तहसीलदार कार्यालयात द्या, नाहीतर मोबाईलवरून भरा. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की यादीत नवं नाव जात नाही, म्हणून निवडणूक लागायची वाट बघू नका. सुगी संपली की पहिलं हेच काम करा.

प्रश्न : आम्ही अपक्षाला निवडून दिलं आणि तो नंतर एखाद्या पक्षात गेला, तर?
— एक तरुण मतदार, येळ्ळूर

उत्तर : तर त्याची आमदारकी जाऊ शकते. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे 1985 च्या पक्षांतरबंदीत, हे स्पष्ट आहे : अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र. सरकारला बाहेरून पाठिंबा देणं हा मात्र पक्षप्रवेश नव्हे. निर्णय विधानसभेचे अध्यक्ष देतात आणि त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. 2010 ला कर्नाटकात पाच अपक्षांना अपात्र ठरवलं होतं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. 2019 ला राजीनामे देऊन अपात्र ठरलेल्यांमुळे आपल्या जिल्ह्यातच गोकाक, अथणी आणि कागवाडला पुन्हा मतदान झालं. अपात्र ठरलेला माणूस पोटनिवडणुकीत परत उभा राहू शकतो, तेव्हा त्याला परत पाठवायचं की नाही हे शेवटी तुमच्याकडेच येतं.

प्रश्न : आमच्या आजीला कन्नड वाचता येत नाही. नातू सोबत आत गेला तर चालेल का?
— एक नात, निपाणी

उत्तर : कन्नड येत नाही एवढ्या कारणाने चालत नाही. नजर गेली असेल किंवा हाताने बटण दाबणं जमत नसेल तरच 18 वर्षांपुढचा सोबती नेता येतो आणि त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो.

पण आजीला अक्षरांवर अवलंबून राहायची गरज नाही. चिन्हं आली तीच मुळी वाचता न येणाऱ्यांसाठी. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असे. आता यंत्रावर चिन्हाच्या जोडीला उमेदवाराचा फोटोही असतो. मान्यताप्राप्त पक्षांची नावं वर, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांची, अपक्ष सगळ्यांत खाली. एका यंत्रावर सोळाच बटणं मावतात, उमेदवार जास्त असले तर शेजारी दुसरं यंत्र ठेवतात. आपला माणूस दुसऱ्या यंत्रावर असेल तर आजीला हे घरीच सांगून ठेवा. मी रांगेतल्या कितीतरी बायका पहिल्या यंत्रापुढे गोंधळून थांबलेल्या बघितल्या आहेत आणि आम्हाला आत जाऊन बोट दाखवता येत नाही. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, त्यावर चिन्ह तपासायला सांगा.

एका केंद्रावर घडलेलं लिहिते. दुपारी एक वयस्कर बाई आल्या, तर त्यांच्या नावावर सकाळीच कुणीतरी मत टाकून गेलं होतं. माझ्या सोबतच्या माणसाने त्यांना परत जायला सांगितलं. त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी आलोय की अजून, मग माझं मत कुणी टाकलं?" मी नियमाचं पुस्तक काढलं. अशा वेळी ओळख पटवून मतदाराला कागदी मतपत्रिका द्यावी लागते. आम्ही त्याला टेंडर मत म्हणतो, सरकारी मराठीत प्रदत्त मत. ते वेगळ्या लिफाफ्यात जातं. त्यांनी शिक्का मारला, बोटाला शाई लावून घेतली आणि मगच घरी गेल्या. तसं आजीच्या बाबतीत झालं तर केंद्राध्यक्षाकडे हे मत मागा, मागे फिरू नका.

आणि आजीच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवा. यादीचा भाग क्रमांक आणि तिचा अनुक्रमांक त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, मराठीत.