सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतं आणि थकवा जात नाही. ऑनलाइन खरी माहिती आणि आधार कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं सगळं अंग दुखतंय, रात्रभर झोपूनही सकाळी गळून गेल्यासारखं वाटतं आणि रिपोर्टमध्ये काहीच निघत नाही. एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया (सगळ्या अंगाचं जुनाट दुखणं) सांगितलं, दुसऱ्यांनी क्रॉनिक फटिग (न जाणारा थकवा). घरचे म्हणतात, मनाचे खेळ. आता नेटवर शोधू तरी कुठे?

शोधायच्या आधी या दोन नावांतलं तुमचं कोणतं, त्याचा छडा लावा. मला फायब्रो होऊन आठ वर्षं झाली. वय ४९, सहकारी बँकेत कॅशवर बसते. पहिली दोन वर्षं मी हा छडा न लावता नुसती नेटवर भटकले. दोन्ही आजारांत अंग दुखतं, दोन्हींत झोप लागूनही न लागल्यासारखी, दोन्हींत बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. म्हणून नेटवर दोन्हींची खिचडी असते. आणि एकाला मानवणारा सल्ला दुसऱ्याला अंथरुणाला खिळवू शकतो.

माझं निदान झालं ते सांगते. रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टर मॅडमनी मानेमागे, खांद्यावर, कोपराजवळ, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबून पाहिलं. दाब किती, तर त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतकाच. मी खुर्चीतून उठलेच. १९९० च्या निकषांत असे १८ बिंदू होते, त्यांतले ११ दुखले तर फायब्रो. २०१० च्या निकषांपासून बिंदू दाबायची अट राहिली नाही. आता शरीराच्या १९ भागांपैकी कुठे कुठे दुखतं, झोप, थकवा, विसरभोळेपणा किती, हे विचारून गुण देतात, आणि त्रास तीन महिने तरी टिकलेला असावा लागतो. "मी जुन्या वळणाची, हात लावल्याशिवाय मला चैन पडत नाही," असं मॅडम म्हणाल्या.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ आणि डी जीवनसत्त्व, शिवाय अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या, हे सगळं त्यांनी नव्याने करायला लावलं. चिकुनगुनिया होऊन गेलाय का, हेही विचारलं, कारण त्यानंतरही सांधे महिनोन् महिने दुखतात. एएनए नावाची तपासणी मात्र घाबरून स्वतःच्या मनाने करू नका. ती थोडी पॉझिटिव्ह धडधाकट माणसांचीही येते, आणि मग रात्रभर ल्युपसवर (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) वाचन चालतं. मी केलंय ते.

आता दुसरं नाव, क्रॉनिक फटिग, म्हणजे एमई-सीएफएस. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने त्याचे निकष नव्याने मांडले: सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची ताकद पार घटलेली, झोपेने न भरून निघणारी दमणूक, आणि श्रमानंतर कोसळणं. शिवाय डोक्यातलं धुकं (शब्द न सापडणं, विसरणं) किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं, यांतलं एक तरी. या कोसळण्याला इंग्रजीत पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात, लोक पीईएम लिहितात. खरी खूण हीच. त्यात दमणूक लगेच येईलच असं नाही. हळदीत तासभर उभ्या राहिलात, त्या दिवशी हसतखेळत घरी आलात, आणि तिसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जात नाहीत.

सल्ला उलटा पडतो तो इथेच. फायब्रोसाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये ज्या सुधारित शिफारशी छापल्या, त्यांत सगळ्यांत ठाम शिफारस औषधाची नाही, व्यायामाची आहे. हळूहळू, पण नेमाने. याउलट उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये एमई-सीएफएसच्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायला सांगितलं होतं, आणि २०२१ मध्ये तोच सल्ला मागे घेतला. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी फायब्रोच्या ग्रुपवर वाचून दर आठवड्याला ५०० पावलं वाढवायला घेतली. त्यांचा आजार होता एमई-सीएफएस. चौथ्या आठवड्यात त्या पडल्या त्या दिवाळीपर्यंत उठल्या नाहीत. ग्रुपवर कोणी खोटं बोललं नव्हतं. काहींना दोन्ही एकदम असतात. त्यांनी एमई-सीएफएसचा नियम, म्हणजे ताकदीबाहेर श्रम न वाढवण्याचा, आधी पाळावा.

आता नेटचं. मराठीत "सर्वांग दुखणे उपाय" टाकलंत की वात, तेल आणि चूर्ण एवढंच हाती लागतं. मी एका ग्रुपमधल्या गोड बोलणाऱ्या बाईंकडून ११ हजारांचं "नसा शुद्ध करणारं" किट घेतलं होतं. तीन बाटल्या, चव जलजिऱ्याची. नंतर कळलं की आजाऱ्यांची बोली वेगळी आहे आणि ती टाकल्याशिवाय आजारी माणसं सापडत नाहीत. दुखणं अचानक वाढलं की तो फ्लेअर. ताकद बेताबेताने खर्च करणं म्हणजे पेसिंग. धुक्याला फायब्रो फॉग. आणि चमचे! २००३ मध्ये ल्युपस झालेल्या एका अमेरिकन बाईने हॉटेलात बसून मैत्रिणीला टेबलावरचे चमचे गोळा करून दिले: हे तुझं आजचं बळ, अंघोळीला एक, कपडे घालायला एक. तेव्हापासून ही मंडळी "आज चमचे संपले" असंच लिहितात. मला ते वाचताक्षणी कळलं, कारण माझा एक चमचा भाकरीचं पीठ मळण्यात आणि एक कुकरचं झाकण फिरवण्यातच जातो.

ही बोली आणि शिफारशींसारखी खात्रीची माहिती बहुतेक इंग्रजीत आहे, त्याला इलाज नाही. फायब्रोसाठी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं पान, एमई-सीएफएससाठी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचं, सीडीसीचं. एवढ्यावर महिनाभर काढा. पेसिंग शिकायला अमेरिकेतल्या युटाच्या बेटमन हॉर्न सेंटरचे व्हिडिओ फुकट आहेत. भाषांतराचं बटण वापरा, पण डोळे उघडे ठेवून. माझ्या फोनने टेंडर पॉइंट्सचं, म्हणजे त्या दाबल्यावर दुखणाऱ्या बिंदूंचं, "निविदा बिंदू" केलं होतं. घरी आठवडाभर तेच चाललं, "काय गं, आज किती निविदा निघाल्या?"

माणसं भेटण्यासाठी मला रेडिट ही गप्पांची वेबसाइट बरी पडली. तिथे फायब्रोमायल्जिया आणि सीएफएस असे दोन वेगळे कट्टे आहेत, हेच मोठं सुख. फेसबुक, व्हॉट्सॲपवरचे ग्रुप बघताना मी एकच गोष्ट पाहते: नवीन माणसाने "खूप थकते, काय करू" विचारल्यावर लोक आधी "निदान काय झालंय?" असं विचारतात, की सरळ उपाय सांगायला लागतात. दुसऱ्या जातीच्या ग्रुपमधून मी त्याच दिवशी बाहेर पडते. इनबॉक्समध्ये येऊन औषध विकणारा तर ब्लॉकच. रिपोर्टचा फोटो टाकताना नाव आणि मोबाइल नंबर झाका, लोक विसरतात. आणि रात्री दोनला वाचू नका. त्या वेळी तिथे फक्त सगळ्यांत वाईट दिवस असलेली माणसं जागी असतात. ज्यांचं बरं चाललंय ती लिहीत बसत नाहीत, त्यामुळे वाचून असं वाटतं की यातून कोणी सावरतच नाही. मी वीस मिनिटांचा गजर लावते. मान खाली घालून स्क्रोल करणं हाही श्रमच.

खरं सांगायचं तर आधार मला हजारो सभासदांच्या ग्रुपने दिला नाही. तिथे भेटलेल्या दोघींनी दिला. एक इचलकरंजीची, एक न्यू जर्सीला राहणारी मराठी बाई. आम्ही तिघी फोनवर बोलतो ते जास्त करून मुलांवर आणि कामवाल्या बायांवर. अगदीच अंधारून आलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

औषधांचं नेटवर वाचून घाबराल, म्हणून एवढं सांगते. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २००९ पर्यंत फायब्रोसाठी तीन औषधांना मान्यता दिली: २००७ मध्ये प्रिगॅबालिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन, २००९ मध्ये मिल्नॅसिप्रान. मला ड्युलोक्सेटिन दिलं, तेव्हा सासूबाईंनी नातवाकडून शोधून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तर डिप्रेशनचं. म्हणजे डोक्याचंच निघालं!" मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं. सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही दोन रसायनं मूड सांभाळतात, तशीच पाठीच्या कण्यात वेदनेचे संदेश दाबून धरायचंही काम करतात. फायब्रोत ही दाबयंत्रणा ढिली पडते. मांजर बॉनेटवर बसली तरी कोकलणाऱ्या गाडीच्या अलार्मसारखं शरीर वागतं. सासूबाईंना मांजर पटली. ग्रुपवर कोणी "मी बंद केलं, मस्त वाटतंय" लिहिलं म्हणून ही औषधं एकदम सोडू नका, मात्र. डॉक्टरांना विचारून हळूहळूच उतरवायची असतात.

घरच्यांना मी पाठवलेली एकही लिंक पटली नाही. पटलं ते कॅलेंडरने. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात मी रोज शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा लाल पेनाने टाकायचे, आणि जड काम केलं त्या दिवशी फुली. तिसऱ्या महिन्यात दुधाचं बिल लावताना यांच्याच लक्षात आलं की सिलिंडर सरकवला, पंखे पुसले, की पुढचे आकडे आठ-नऊ. तेव्हापासून पंखे तेच पुसतात. वाईट पुसतात, मी बोलत नाही.

तुम्हीही महिनाभर तसंच लिहा. जड दिवसानंतर मोठा आकडा त्याच संध्याकाळी येतो, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि उतरायला किती दिवस लागतात? तो कागद घेऊन रुमॅटॉलॉजिस्टकडे जा, आणि मग इथे लिहा. कोणत्या कट्ट्यावर जायचं ते त्यावरून सांगते.