पम्पकिन स्पाइस घरी करताना: लवंग आवरा आणि भाजू नका

तुम्ही दिलेलं पम्पकिन स्पाइसचं, म्हणजे भोपळ्याच्या केक-बिस्किटांत घालायच्या मसाल्याच्या मिश्रणाचं, प्रमाण वाचलं. दालचिनी चार चमचे, सुंठ, जायफळ आणि लवंग प्रत्येकी दोन, सगळं मंद आचेवर भाजून मग दळलेलं. केक कडवट आणि औषधासारखा का लागला, याचं उत्तर या एका ओळीतच आहे. ओव्हनचा किंवा केकच्या कृतीचा दोष नाही. ऑलस्पाइस (लवंगेच्या वळणाचा एक मसाला) मिळत नाही तर काय करायचं आणि उरलेल्या अर्ध्या बरणीचं काय, हेही तुम्ही विचारलंय. त्यावर येते, पण आधी लवंग.

लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य सर्वांत जास्त असतं. दाताचे डॉक्टर तात्पुरतं भरायला जो लेप वापरतात त्यातही हेच असतं, त्यामुळे 'औषधासारखा वास' ही तुमची तक्रार अगदी शब्दशः खरी आहे. युजेनॉल जिभेला किंचित बधिरही करतं, म्हणून लवंग जास्त झाली की बाकीचे मसाले असूनही जाणवत नाहीत. मग आपल्याला वाटतं की मसाला कमी पडला, आणि पुढच्या वेळी आणखी घातला जातो. दालचिनीच्या एक दशांशाहून जास्त लवंग मी घालत नाही. तुमच्याकडे ती निम्मी होती.

माझं प्रमाण वजनाने असं आहे: दालचिनी २० ग्रॅम, सुंठ ८, जायफळ ४, ऑलस्पाइस ३ आणि लवंग २. सगळं मिळून ३७ ग्रॅम होतं, म्हणजे एक छोटी बाटली. काटा नसेल तर ५ मिलीच्या सपाट चमच्याने साधारण पावणेआठ चमचे दालचिनी, साडेचार सुंठ, पावणेदोन जायफळ, दीड ऑलस्पाइस आणि एक लवंग. चमच्याने मोजण्यात एक अडचण आहे. सुंठेची पूड हलकी असते, दालचिनीची त्यामानाने जड, आणि ताजं किसलेलं जायफळ तर इतकं भुसभुशीत पडतं की चमचा भरलेला दिसतो पण वजन काहीच नसतं. ते चमच्यात हलकं दाबून मोजा. उलट बाजूने, घरातला साधा काटा २ ग्रॅमला भरवशाचा नसतो. त्यामुळे लवंग चमच्याने आणि दालचिनी काट्यावर, अशी मिसळ केली तरी चालेल. मी तसंच करते.

यात सुंठ तुम्हाला जास्त वाटेल. मुद्दाम आहे. भोपळा आणि रताळं दोन्ही गोड, मऊ आणि जरा सुस्त चवीची. त्यांना उठाव सुंठ देते, दालचिनी नाही. दालचिनी गोडव्याला गोडवा जोडते. १७९६ साली अमेरिकेत छापलेल्या एका पाककृतीच्या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ आणि आलं, दुसरीत ऑलस्पाइस आणि आलं. दालचिनी दोन्हींत नाही, आलं दोन्हींत आहे. आज ज्याला आपण पम्पकिन स्पाइस म्हणतो त्यात दालचिनीचं राज्य नंतर आलं. (आणि ज्या कॉफीमुळे हे नाव जगभर झालं ती २००३ साली आली, तेव्हा तिच्यात भोपळा अजिबात नव्हता. तो २०१५ साली घातला गेला. मसाल्याच्या जोरावर बारा वर्षं निभावलं म्हणायचं.)

आता भाजण्याबद्दल. रश्शात पडणाऱ्या मसाल्याला भाजणं शोभतं, तिथे तो खरपूसपणा हवाच असतो. केक-बिस्किटांच्या मसाल्याला नाही. या पाचही जिनसांचा जीव त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. तव्यावर तुम्हाला जो घमघमाट आला तो तुमच्या केकमध्ये जायचा होता. शिवाय पुढे अर्धा-पाऊण तास ओव्हनमध्ये हे सगळं भाजलं जाणारच आहे. दोनदा भाजलेली दालचिनी आणि लवंग कडू होतात, त्यातही लवंगेचं बोंड फार पटकन करपतं. दालचिनीची साल दमट वाटत असेल तर कोमट, बंद केलेल्या ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवून कोरडी करा. रंग बदलता कामा नये.

उष्णता द्यायचीच असेल तर तुपा-लोण्यात द्या. हे मसाले पाण्यापेक्षा स्निग्धात जास्त सुटतात. कृतीतलं लोणी वितळवून आच बंद करा, मोजलेला मसाला त्यात घाला, अर्धा-एक मिनिट ढवळा आणि मग साखर घाला. इतक्याने निम्म्या मसाल्यात तेवढीच चव येते असं मी म्हणणार नाही, पण फरक लगेच कळतो. पायच्या (इंग्रजीतला 'pie', सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ) सारणात लोणी नसतं, तिथे भोपळ्याचा गर कढईत मसाल्यासकट जरा आटवून घ्यावा. कच्चा डबाबंद वासही जातो. आणि सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर मसाला दुधा-मलईत मुरतो, दुसऱ्या दिवशी भाजलेला पाय चवीला एकसंध लागतो.

दळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण घरच्या मसाल्याची बहुतेक नाराजी इथली असते. दालचिनी आधी खलबत्त्यात कुटून तुकडे बारीक करा, मग मिक्सरला लावा आणि अगदी बारीक चाळणीने चाळा. भरड राहिली तर मऊ केकमध्ये दाताखाली वाळूसारखी येते आणि त्याला इलाज नाही. अख्खी सुंठ तंतुमय असते. कितीही फिरवा, शेवटी कापसासारखा चोथा उरतोच. तो टाका आणि वजन चाळल्यानंतरच करा. खरं सांगायचं तर सुंठपूड तयार आणली तरी फार काही बिघडत नाही, फक्त ताजी हवी. जायफळ मात्र मिक्सरमध्ये कधीच नको. तेल सुटून पात्याला चिकटतं, लगदा होतो. बारीक किसणीवर किसा आणि इतर सगळं मिसळून झाल्यावर घाला. लवंग आणि ऑलस्पाइस एकत्र फिरवलेत तरी चालतात. मिक्सर थांबल्याबरोबर झाकण उघडू नका. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, गरम हवेबरोबर वास बाहेर पडतो आणि पूडही नाकात जाते.

ऑलस्पाइसचं नाव ऐकून ते मिश्रण आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ते एकाच झाडाचं वाळवलेलं कच्चं फळ आहे, मूळचं कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेकडचं, आणि जमैकाचं विशेष नावाजलेलं. त्याच्या तेलातही मुख्य घटक युजेनॉलच. म्हणूनच ते लवंगेसारखं लागतं, पण मऊ, आणि मागून जायफळ-मिऱ्याची झाक. तुम्हाला मिळत नाही म्हणून लवंग वाढवली असणार, असा माझा अंदाज. पूर्ण भरपाई लवंगेने करायची नसते. ३ ग्रॅम ऑलस्पाइसच्या जागी दालचिनी दीड ग्रॅम, जायफळ एक ग्रॅम आणि लवंग अर्धा ग्रॅम वाढवा, वर दोन-तीन मिरे दळताना टाका. हुबेहूब नाही लागणार, पण उणीव कुणाला जाणवायची नाही. चक्रीफूल घालू का असं कोणी विचारेल. भोपळ्यात नको, नासपतीत जरूर, तेही चिमूटभर.

दालचिनी कुठली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो प्रमाणाइतकाच मोठा आहे. जाड, कडक, एकाच पदराची गुंडाळी असलेली साल म्हणजे तज, इंग्रजीत जिला कॅशिया म्हणतात. पातळ कागदासारखे पदर एकात एक असलेली, हाताने चुरडणारी साल म्हणजे सिलोन दालचिनी. तज तिखट आणि ठसठशीत, सिलोन नाजूक, जराशी लिंबाकडे झुकणारी. भोपळा, गुळाची काकवी, राय या धान्याचं पीठ अशा दणकट गोष्टींपुढे सिलोन हरते, म्हणून या मसाल्यात मी तजच वापरते. सिलोन मी साध्या लोणी-साखरेच्या बिस्किटांसाठी राखून ठेवते. तजेला एक बाजू आहे: तिच्यात कुमारिन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला बाधू शकणारं द्रव्य, असतं, सिलोनमध्ये अगदी नाममात्र. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने कुमारिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज २ ग्रॅम तज चालते, १५ किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅम. पायच्या एका तुकड्यात मोठ्या माणसाच्या मर्यादेच्या आसपासही काही जात नाही. पण सकाळी ओट्सवर, दुपारी कॉफीत आणि रात्री केकमध्ये असा रोजचा रतीब असेल, घरात लहान मुलं असतील, तर सिलोन घ्या आणि सुंठ ग्रॅमभर वाढवा.

पूड आणण्यापेक्षा अख्खी साल आणावी असं मी म्हणते ते फक्त वासासाठी नाही. २०२३ साली अमेरिकेत मुलांसाठीच्या दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत शिसं सापडलं, आणि २०२४ मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने काही दालचिनी पुडींबाबत इशारे दिले. अख्खी साल आणली म्हणून काळजी संपली असं नाही, पण पुडीत मिसळणं सोपं असतं, सालीत अवघड.

किती घालायचं? पायसाठी ४२५ ग्रॅम गराला दोन सपाट चमचे. केकला २५० ग्रॅम मैद्यामागे दोन ते अडीच, भोपळ्याऐवजी सफरचंद असेल तर दोनच, आणि वर पाव चमचा वेलचीपूड. सफरचंदाला लवंग फारशी मानवत नाही, वेलची मानवते. धणे किंचित भरडून घातले तर आणखी छान. ब्रिटिशांच्या मिक्स्ड स्पाइसमध्ये ते असतातच. पाव किंवा रोल करणार असाल तर मसाला कणकेत न घालता सारणात घाला. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड यीस्टला दाबून टाकतं, कणीक रेंगाळते. आणि कॉफीत ढवळणार असाल तर तळाशी बुळबुळीत थर बसतो तो तजेचा चीक आहे, मसाला खराब झालेला नाही.

चव बघताना पूड जिभेवर ठेवू नका, कोरडी लवंग आणि सुंठ काहीही सांगून फसवतात. चमचाभर कोमट लोण्यात साखर आणि चिमूटभर मसाला कालवून चाखा. केकमध्ये ते तसंच लागणार आहे. लवंग आधी लागली तर जास्त आहे. ती शेवटी, गिळल्यानंतर कळायला हवी.

साठवायला काचेची छोटी, गच्च झाकणाची बाटली, आणि ती ओव्हनच्या वरच्या फळीवर नको. एकदम मोठा डबा भरून करू नका. एका हंगामात संपेल इतकंच करावं. सहा महिन्यांनंतरही तो विषारी वगैरे होत नाही, नुसता लाकडाचा भुसा होतो.

उरलेल्या बरणीबद्दल: आधी लोण्यात चाखून बघा. कडवटपणा करपल्याचा असेल, म्हणजे गिळल्यावर घशात राखेसारखा राहत असेल, तर टाकून द्या, तो कशानेही झाकला जात नाही. नुसती लवंग पुढे येत असेल तर वाचवता येईल. तुमच्या प्रमाणाने बरणीत जितके चमचे उरलेत त्याच्या दीडपट नवी, न भाजलेली भर घाला, तीन भाग दालचिनी आणि एक भाग सुंठ. लवंग तेवढ्याने दहा चमच्यांत अदमासे पाऊण चमच्यावर येते, माझ्या प्रमाणापेक्षा अजून जरा वरच, पण खाण्यासारखी. जायफळ आणखी घालू नका, ते तुमच्यात पुरेसं आहे. अशी बरणी पायपेक्षा काकवीच्या बिस्किटांना लावा, गडद काकवी बराच ठसका पोटात घेते.