चाचणी लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. एक्स-रे नाही, लॅबमध्ये मोजक्याच चाचण्या होतात, मग पुराव्यावर आधारित निदान इथे कसं जमणार, असं विचारलं आहेस. माझं मत अगदी स्पष्ट आहे: साधनं अपुरी असतात तिथेच पुराव्याला धरून चालावं लागतं, कारण एक चाचणी वाया गेली तर दुसरी हाताशी नसते.

मूल खोकला-ताप घेऊन आलं की आधी त्याचा श्वास मोज. ते आईच्या मांडीवर शांत असू दे, कपडा वर कर, आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, तान्ह्या बाळांची श्वासाची लय सारखी बदलते. रडत असेल तर थांब. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार मिनिटाला २ महिन्यांखाली ६०, २ ते ११ महिन्यांत ५० आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, न्यूमोनियाची शंका घ्यावी अशी खूण. छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का, तेही बघ.

आता चाचणीचं. लिहून देण्याआधी, रुग्णाला तो आजार असण्याची शक्यता किती, हा तुझा अंदाज केसपेपरवर टक्क्यांत मांड. समज, चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जण ती पकडते) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती निगेटिव्ह दाखवते) दोन्ही ९५ टक्के आहेत. दर १०० रुग्णांत ३० जणांना तो आजार असेल, तर पॉझिटिव्ह रिपोर्ट १० पैकी जवळपास ९ वेळा खरा ठरतो. १०० मध्ये एकालाच असेल, तर तोच रिपोर्ट ६ पैकी ५ वेळा खोटा! किट तेच, फरक फक्त तू कोणाची तपासणी केलीस याचा. म्हणून सरसकट सगळ्यांची चाचणी करायचा आग्रह झाला तरी ठाम राहा. मलेरियाच्या रॅपिड किटचंही लक्षात ठेव: एचआरपी-२ हे मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन शोधणारं किट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं, तेव्हा मागच्या महिन्यात औषध घेतलं होतं का, हे विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचू नकोस.

निदान पक्कं नसेल आणि मूल घरी पाठवण्याइतकं बरं दिसत असेल, तर दोन दिवसांनी नक्की परत बोलाव. दूध पिईना, सगळं उलटून पडलं, झटके आले किंवा मूल सुस्त पडलं, तर रात्रीसुद्धा या, असं आईला सांग आणि तिच्या तोंडून ते परत ऐकून घे.

तुझे,
सर