परदेशात पहिल्यांदा मापो टोफू मागवताना

भाऊ, दारव्ह्याच्या चौकातल्या गाडीवरचं मंचुरियन तिकडे शोधत बसू नको. ते मुंबईत जन्मलेलं. खऱ्या चिनी हॉटेलात बहुतेक नसतंच. मी १२ वर्षं बाहेर राहतो, माझं ऐक, मापो टोफूपासून सुरुवात कर. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहरातला हा पदार्थ. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. वर लाल तेलाचा तवंग, अगदी आपल्या सावजी रश्श्यासारखा. सावजीवर वाढलेल्या जिभेला तो लवकर आपला वाटतो.

तिखट मात्र वेगळं. मिरचीसोबत सिचुआन मिरी असते, कोकणातल्या तिरफळाच्या नात्यातली. ओठांना मुंग्या येतात, जीभ बधिर होते. घाबरून गटागटा पाणी पिऊ नको, भात खा.

नवखे लोक इथे चुकतात:

– टोफू म्हणजे शाकाहारी असं धरून चालतात. यात बहुधा डुकराचा किंवा गाईचा खिमा असतो. तू माळकरी घरचा, म्हणून मागवण्याआधीच विचार. रस्सा कशाचा आहे, तेही.
– एकट्यासाठी तीन पदार्थ सांगतात. तिथे पदार्थ मधे ठेवून वाटून खातात. दोघांत टोफू, एक पालेभाजी आणि वेगळा भात पुष्कळ झाला.

चॉपस्टिक जमली नाही तर बिनधास्त चमचा माग. बाकीचे पदार्थ तुझी जीभ रुळल्यावर सांगतो.