'मॉडेल अ‍ॅक्ट' : आदर्श कायदा, नमुना कायदा की प्रारूप?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या राज्यांचे लोकप्रतिनिधी विमाविषयक कायद्यांत मेळ राहावा म्हणून एक संघटना चालवतात. राज्यांनी पटलं तर घ्यावेत म्हणून ती कायद्यांचे तयार मसुदे काढते. तिच्याविषयीच्या मजकुराचं मराठी करताना अशा मसुद्याला, म्हणजे 'मॉडेल अ‍ॅक्ट'ला आदर्श कायदा म्हणायचं, नमुना कायदा म्हणायचं की प्रारूप? आणि 'लेजिस्लेटर'ला सरळ 'आमदार' चालेल का?

थोडक्यात उत्तर: 'नमुना कायदा' लिहा, आणि 'आमदार' बिनधास्त लिहा. मात्र या मजकुरात खरी गफलत नामात होत नाही, क्रियापदात होते. म्हणून थोडं सविस्तर.

आपल्याकडे विमा हा केंद्राचा विषय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघ सूचीत ४७ व्या क्रमांकाची नोंदच 'विमा' अशी आहे, आणि देशभर नियमन करणारं प्राधिकरण एकच, आयआरडीएआय. त्यामुळे महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या आमदाराने विमा कायद्याचा मसुदा घेऊन दुसऱ्या राज्यातल्या आमदारांशी चर्चा करायला जावं, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. अमेरिकेत उलट आहे. १८६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'पॉल विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात सांगितलं की विम्याची पॉलिसी देणं हा व्यापार नव्हे. म्हणजे आंतरराज्य व्यापारावरचा केंद्राचा अधिकार तिथे चालत नाही. १९४४ मध्ये 'साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स' खटल्यात त्याच न्यायालयाने हे मत फिरवलं. लगेच पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचं नियमन पुन्हा राज्यांच्या हाती ठेवलं. आजही पन्नास राज्यांचे पन्नास विमा कायदे आहेत.

हे कायदे एकमेकांपासून फार लांब जाऊ नयेत म्हणून दोन संस्था काम करतात, आणि भाषांतरात त्यांची सर्रास अदलाबदल होते. पहिली एनएआयसी, म्हणजे राज्यांच्या विमा आयुक्तांची संघटना. स्थापना १८७१, मुख्यालय मिसुरीतल्या कॅन्सस सिटीला, सदस्य ५६: पन्नास राज्यं, राजधानीचा कोलंबिया जिल्हा आणि पाच प्रदेश. दुसरी एनकॉइल, म्हणजे प्रश्नात आलेली राज्यांच्या आमदारांची संघटना, १९६९ पासूनची. पहिलीत कायदा राबवणारे, दुसरीत कायदा करणारे. दोन्हींच्या नावात 'राष्ट्रीय' असलं तरी दोन्ही सरकारी नाहीत, आणि दोघींपैकी कोणालाही स्वतःहून कायदा करता येत नाही. पुढची सगळी शब्दनिवड या शेवटच्या वाक्यावर ठरते.

आता 'आदर्श'. हा शब्द सुचतो याचं कारण उघड आहे. निवडणुकीची आदर्श आचारसंहिता आहे, सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी आहेत, केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या भाडेकरारविषयक मसुद्याला वृत्तपत्रांनी 'आदर्श भाडेकरू कायदा' म्हटलं. रूढीच्या बाजूने एवढा पुरावा असताना मी 'नमुना' का म्हणतो? कारण या तिन्ही ठिकाणी शब्द वरून खाली आलेला आहे. निवडणूक आयोग, सहकार खातं किंवा केंद्र सरकार, कोणीतरी वरच्या पायरीवरून सांगतं की असं असावं. एनकॉइलमध्ये वरची पायरीच नाही. ओहायोचा आमदार टेक्ससच्या आमदारासमोर कागद ठेवतो: आम्ही असं कलम लिहिलं आहे, बघा, पटलं तर घ्या. त्यात 'आदर्श'चा अधिकारही नाही आणि नैतिक वजनही नाही.

उदाहरणाने हे जास्त स्पष्ट होईल. एनकॉइलचा २००२ चा नमुना कायदा वाहन आणि घराच्या विम्यात ग्राहकाची क्रेडिटविषयक, म्हणजे कर्ज आणि परतफेडीची, माहिती कशी वापरावी यावर आहे. त्यात विमा कंपनीला क्रेडिट स्कोअर वापरायला सरसकट मनाई नाही. केवळ त्याच्या आधारावर पॉलिसी नाकारता, रद्द करता किंवा नूतनीकरण थांबवता येत नाही. ग्राहकाचं नुकसान होणारा निर्णय घेतला तर मुख्य कारणं, जास्तीत जास्त चार, त्याला कळवावी लागतात. आणि क्रेडिट अहवालातली चूक सिद्ध झाली तर हप्ता पुन्हा ठरवावा लागतो. बऱ्याच राज्यांनी याच्या आधाराने आपापले कायदे केले. पण कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत वाहन विम्याचा हप्ता ठरवताना क्रेडिट स्कोअर वापरताच येत नाही. त्यांच्या दृष्टीने हा कागद आदर्श तर नाहीच, उलट फारच सैल आहे. 'आदर्श कायदा' लिहिलं की वाचक धरून चालतो की चांगलं काय यावर सगळ्यांचं एकमत झालंय. तसं ते झालेलं नाही.

'प्रारूप' चुकीचा नाही, पण त्याची जागा वेगळी. प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा: हरकती-सूचना येतात, आणि मग तीच यादी अंतिम होते. म्हणजे प्रारूपाला पुढे अंतिम होणं भाग असतं. संघटनेच्या समितीत ज्याच्यावर अजून काथ्याकूट चालू आहे त्या कागदाला प्रारूप किंवा मसुदा म्हणा. संघटनेने तो एकदा स्वीकारला की संघटनेपुरता तो अंतिमच झाला. तेव्हा तो 'नमुना'.

'नमुना' शब्दाची एक अडचण मान्य करायला हवी. 'काय नमुना आहे!' हा उद्गार आपण कौतुकाने काढत नाही. शिवाय गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांमुळे नमुना म्हणजे भरायचा तक्ता, असाही अर्थ मनात येतो. पण 'नमुना कायदा' अशी जोडी केली की दोन्ही अर्थ मागे पडतात. काटेकोर लिहायचं तर 'नमुना विधेयक' याहून बरं, कारण विधिमंडळात संमत होईपर्यंत ते विधेयकच असतं. लेखात एकदा तसा खुलासा करून पुढे 'नमुना कायदा' चालवायला हरकत नाही. 'नमुना अधिनियम' मात्र टाळा. आपल्या कायद्याच्या मराठीत अधिनियम म्हणजे संमत होऊन पुस्तकात गेलेला कायदा, आणि इथे नेमकं तेच झालेलं नसतं. एनएआयसीच्या मजकुरात आणखी एक जोडी भेटते: मॉडेल लॉ आणि मॉडेल रेग्युलेशन. पहिला आमदारांनी करायचा, दुसरा त्या कायद्याने दिलेल्या अधिकारात आयुक्तांनी काढायचा. विमा कंपन्यांच्या समूहांवरचा कायदा ४४० क्रमांकाचा, तर त्याला जोडून येणारा विनियम ४५० क्रमांकाचा. इथे 'नमुना कायदा' आणि 'नमुना विनियम' हा भेद पाळलाच पाहिजे; दोन्हींना 'नियम' म्हटलं की कोणी काय करायचं तेच पुसलं जातं.

आता क्रियापदं. इंग्रजीत 'अ‍ॅडॉप्ट' हे एकच क्रियापद समितीलाही लागतं, संघटनेलाही आणि राज्यालाही. मराठीत त्याचे तुकडे करावेत. एनकॉइलमध्ये कागदाचा प्रवास साधारण असा: कोणीतरी आमदार तो आपल्या नावावर घेतो; मसुदा बैठकीच्या तीस दिवस आधी पोचलेला असावा लागतो; विषय समिती, उदाहरणार्थ आरोग्य विम्याची किंवा मालमत्ता-अपघात विम्याची, त्यावर मत देते; मग कार्यकारिणी. दर पाच वर्षांनी तो पुन्हा तपासणीला येतो आणि ठेवायचा की बाद करायचा ते ठरतं. म्हणून: समितीने *मंजूर केला*, संघटनेने *स्वीकारला*, राज्याच्या विधिमंडळाने *संमत केला*, राज्यपालांनी *सही केली*, अमुक तारखेपासून *लागू झाला*. यातलं तिसरं क्रियापद संघटनेला लावलं की 'अमेरिकेत कायदा झाला' अशी बातमी तयार होते आणि प्रत्यक्षात झालेलं काहीच नसतं. पाच वर्षांनंतरच्या त्या निर्णयाला 'पुनर्मंजुरी'पेक्षा 'पुढे चालू ठेवला' हे साधं क्रियापद बरं.

संमत होतानाही नमुना जसाच्या तसा राहत नाही. बेवारस आयुर्विमा रकमांवरचा २०११ चा नमुना घ्या. त्यात कंपन्यांनी चालू पॉलिसी सरकारच्या मृत्यूनोंदींशी वर्षातून किमान दोनदा पडताळायच्या, आणि नाव जुळलं तर ९० दिवसांत खात्री करून वारसांचा शोध सुरू करायचा, असं आहे. केंटकीने २०१२ मध्ये तसा कायदा केला. आधीच विकलेल्या पॉलिसींना तो लागू होतो का, यावर विमा कंपन्या न्यायालयात गेल्या. नमुना एक, पण प्रत्येक राज्यात तारखा, अपवाद आणि दंड वेगळे होऊ शकतात. तेव्हा 'नमुन्यानुसार कायदा केला' यापेक्षा 'नमुन्याच्या आधाराने' हे जास्त खरं.

'आमदार' चालेल का? माझ्या मते चालेल एवढंच नाही, हाच उत्तम. आपण आमदार हा शब्द विधानसभा आणि विधान परिषद दोन्हींच्या सदस्यांना वापरतो. अमेरिकेत नेब्रास्का सोडून सगळ्या राज्यांत दोन सभागृहं आहेत, आणि वरच्या सभागृहाच्या सदस्याला तिथेही 'सेनेटर'च म्हणतात. मराठीत नुसतं 'सेनेटर' लिहिलं की वाचकाला वॉशिंग्टनच दिसतं. राज्याचा तो आमदार, वॉशिंग्टनचा तो खासदार किंवा सेनेटर, एवढी विभागणी पुरते. मात्र 'विमा आमदार' असा समास करू नका. विमा उतरवलेला आमदार की विमा विकणारा, असा प्रश्न पडेल. पहिल्या उल्लेखात 'विमा कायदे हाताळणाऱ्या राज्य आमदारांची राष्ट्रीय परिषद' असं ऐसपैस लिहावं आणि पुढे एनकॉइल. (या संघटनेच्या इंग्रजी नावात पूर्वी 'कॉन्फरन्स' होतं, आता 'कौन्सिल' आहे. मराठीत दोन्ही परिषदच, तेव्हा तो बदल आपल्याला फुकटात पचतो.)

'आयुक्त' हा शब्द ठीक आहे, पण एक टीप जोडावी. मराठी वाचकाच्या मनातला आयुक्त बदलीवर आलेला सनदी अधिकारी असतो. अमेरिकेत अकरा राज्यांत विमा आयुक्त थेट निवडून येतो. कॅलिफोर्निया, जॉर्जिया, वॉशिंग्टन (राजधानी नव्हे, त्या नावाचं राज्य) ही त्यातली काही. बाकी बहुतेक ठिकाणी राज्यपाल नेमतो.

संघटना चालवण्याची शब्दसंपत्ती मात्र मराठीत इतकी तयार आहे की भाषांतरकाराने शब्दकोश मिटून ठेवावा. एनकॉइलचे पदाधिकारी म्हणजे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि चिटणीस. इथे 'सचिव' नको. सरकारच्या बातमीत सचिव म्हटलं की मंत्रालय आठवतं. 'बोर्ड'सारखं काम करणारी ती कार्यकारिणी, 'ड्यूज' म्हणजे वर्गणी, 'बायलॉज' म्हणजे संघटनेची घटना आणि नियमावली, 'कोरम' म्हणजे गणपूर्ती. वर्षातून तीन राष्ट्रीय बैठका होतात. त्यांना 'अधिवेशन' म्हणू नका, कारण आमदारांचं अधिवेशन म्हणजे विधिमंडळाचं. आणि यंत्राने केलेल्या भाषांतरात संघटनेच्या 'प्रेसिडेंट'चे राष्ट्राध्यक्ष होतात, तेवढं नजर ठेवून काढा.

प्रश्नात नव्हतं, तरी तीन खड्डे सांगून ठेवतो. 'पॉलिसी' हा पहिला: 'स्टेट इन्शुरन्स पॉलिसी' म्हणजे बहुधा राज्याचं विमाविषयक धोरण, राज्याने काढलेली पॉलिसी नव्हे. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ येतात, म्हणून सरकारचं ते कायम धोरण आणि ग्राहकाची ती कायम पॉलिसी ठेवा.

दुसरा 'स्पॉन्सर'. विधेयक आपल्या नावावर मांडणारा आमदार हा प्रस्तावक. 'प्रायोजक' लिहिलंत तर अर्थच उलटेल, कारण अशा बैठकांना विमा कंपन्यांचे प्रतिनिधी हजर असतात आणि उद्योगाच्या पैशाचा या संघटनांवर किती प्रभाव असावा हा तिथला जुना वाद आहे. 'या विधेयकाचे प्रायोजक' हे शब्द वाचून मराठी वाचक पैशाकडेच बोट दाखवेल, आणि बिचाऱ्या आमदारावर विनाकारण आळ येईल.

तिसरा 'टेबल'. आपल्या संसदीय इंग्रजीत, ब्रिटिश वळणामुळे, कागद 'टेबल' करणं म्हणजे सभागृहाच्या पटलावर ठेवणं, चर्चेला आणणं. अमेरिकन इंग्रजीत 'टेबल' करणं म्हणजे बाजूला सारणं. समितीने नमुना 'टेबल' केला, याचं मराठी 'समितीने चर्चा लांबणीवर टाकली' असं होतं. 'पटलावर ठेवला' लिहिलं तर बातमी शंभर टक्के उलटी जाते, आणि व्याकरण निर्दोष असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

सगळं जमवून एक वाक्य करून दाखवतो: 'एनकॉइलच्या आरोग्य विमा समितीने औषधलाभ व्यवस्थापकांच्या परवान्याविषयीचा नमुना कायदा मंजूर केला आणि २०१८ मध्ये कार्यकारिणीने तो स्वीकारला; कोणत्याही राज्यात तो लागू होण्यासाठी तिथल्या एखाद्या आमदाराला तो विधेयक म्हणून मांडावा लागेल.' (औषधलाभ व्यवस्थापक म्हणजे विमा कंपनीच्या वतीने औषधांच्या खर्चाचा व्यवहार सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपन्या.) अर्धविरामानंतरचा भाग मूळ इंग्रजीत बहुधा नसतो, कारण तिथल्या वाचकाला तो ठाऊक असतो. मराठीत तो पदरचा घालावा.